वांग्याच्या रंगाची फळी

पॉलिशमास्तरांनी अपमान केला नाही असं एकही घर आमच्या ओळखीत नाही. कपाटं, दारं, टेबलं यांना हवी ती छटा द्यायची आणि वर पारदर्शक वॉर्निशचे हात चढवायचे, हा त्यांचा धंदा. घरातल्या माणसांची अक्कल काढणं त्यासोबत आपोआप येतं, वेगळं सांगावं लागत नाही.

आमच्याकडे ते पहिल्यांदा आले त्याला आता सतरा वर्षं झाली. सुतारानं पुस्तकांचं कपाट नुकतंच उभं करून दिलं होतं आणि ह्यांनी मोठ्या उत्साहानं दुकानातून रंगछटांचं कार्ड आणलं होतं. मास्तरांनी ते कार्ड दोन बोटांत धरलं. मेलेल्या उंदराचं शेपूट धरावं तसं.

"हा रंग कशावर लावलाय?"

"कार्डावर," हे म्हणाले.

"मग कार्डालाच लावा. माझ्यासमोर लाकूड आहे."

ह्यांनी माघार घेतली नाही. एका हॉटेलात पाहिलेल्या टेबलाचा रंग त्यांच्या मनात बसला होता, अगदी गडद, चॉकलेटसारखा. मास्तरांनी ते वर्णन डोळे मिटून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, हॉटेलातलं टेबल भुसा दाबून केलेलं असतं. त्याला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून त्याच्या तोंडाला काळं फासतात. तुमच्या कपाटानं काय गुन्हा केलाय?"

सासूबाई आत जाऊन हसल्या. बाहेर येऊन त्यांनी चहा विचारला तर मास्तर म्हणाले, "चहा नंतर. आधी तो पंखा बंद करा. धूळ उडते आणि तुम्हाला दिसत नाही." त्या दिवसापासून सासूबाईंनी त्यांचं नाव जमदग्नी ठेवलं. तोंडावर अर्थातच सगळे मास्तर म्हणत.

काम मात्र असं करत की त्यांच्या बोलण्याचा राग धरता येत नसे, आणि हा त्यांचा सगळ्यात मोठा अन्याय होता. ज्या फळीचं कपाट, त्याच फळीचे उरलेले तुकडे ते सुताराकडून मागून घेत. सुतार ते चुलीत घालायच्या बेतात असला तर त्याचीही अक्कल निघे. मग ते तुकडे पॉलिश पेपरनं रेषेच्या दिशेनं घासायचे, ओल्या फडक्यानं पुसायचे. लाकूड ओलं झालं की वॉर्निशखाली ते कसं दिसेल याचा अंदाज येतो, हे मला तेव्हा कळलं. पाण्यानं लाकडाचे तंतू उभे राहतात, हात फिरवला तर दाढीचे खुंट लागावेत तसे लागतात. ते वाळले की पुन्हा हलक्या हातानं घासायचे. मग प्रत्येक तुकड्यावर वेगळी छटा. मागे पेन्सिलीनं नंबर आणि कशात काय किती मिसळलं ते. छटेवर वॉर्निशचा हात दिल्याशिवाय ती कुणाला दाखवायची नाही, कारण वॉर्निश चढलं की रंग बदलतो. आणि तुकडे बघायचे ते तीनदा. सकाळच्या उजेडात, भर दुपारी आणि दिवा लावल्यावर.

"तीनदा कशाला?" मी विचारलं होतं.

"तुम्ही सकाळी आणि संध्याकाळी सारख्याच दिसता का वहिनी?"

मी चहाचं आधण ठेवायला आत गेले.

त्यांचं शिक्षण सरकारी कचेऱ्यांना फर्निचर पुरवणाऱ्या एका कारखान्यात झालं. तेराव्या वर्षी लागले, तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं तीन वर्षं नुसतं घासायला लावलं, चौथ्या वर्षी ब्रश हातात दिला. त्या काळाविषयी ते एकच वाक्य बोलत: "खुर्च्या झकास व्हायच्या. पुढे त्यांच्यावर बसायचे ते बघून वाईट वाटायचं."

त्यांची सगळी मिजास उभी होती ती डोळ्यावर. नवी वस्तू पॉलिश करणारे गावात पुष्कळ होते. पण जुन्या वस्तूला नवा तुकडा बसवलाय आणि तो ओळखू येता कामा नये, अशा कामाला फक्त मास्तर. चाळीस वर्षं वापरून मधासारखं झालेलं लाकूड आणि कालपरवा कापलेलं पांढरट लाकूड ते असं जुळवत की वस्तूच्या मालकालाही कुठला भाग नवा ते सांगता येत नसे. "जोड दिसला की समजा मी संपलो," असं ते म्हणत. आम्ही ते बढाईत जमा करत होतो. पण तसं नव्हतं. गावभर ज्या माणसानं लोकांच्या डोळ्यांची टिंगल केली, त्याचे स्वतःचे डोळे गेले तर त्याला कोण उभं करणार होतं?

दोन वर्षांपूर्वी ह्यांनी जेवणाच्या टेबलावर उभं राहून पडद्याची दांडी लावायचं ठरवलं. शिडी शेजाऱ्यांकडे होती. मी ती आणायला निघाले होते. "एवढ्यासाठी शिडी कशाला," असं म्हणून हे वर चढले आणि मधली फळी कडाडली. ते टेबल सासऱ्यांनी संसाराच्या सुरुवातीला करून घेतलेलं. पाच फळ्यांचं, सागाचं, इतकं वापरलेलं की कडा बोटांना मऊ लागत.

सुतारानं नवी फळी बसवली. मास्तर आले, त्यांनी फळीकडे पाहिलं, मग ह्यांच्या पोटाकडे पाहिलं. "सागाचं टेबल किती वजन पेलतं ते बघत होता का?"

तिथवर सगळं नेहमीसारखं होतं. दोन दिवसांनी ते चार तुकडे करून घेऊन आले. खिडकीपाशी गेले. एक तुकडा डोळ्यांजवळ नेला, लांब केला, परत जवळ नेला. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि मास्तर म्हणाले, "आज उजेडच बरोबर नाही." मग वळून त्यांनी जे केलं ते तोवरच्या पंधरा वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

"माई," ते सासूबाईंना म्हणाले, "तुम्हाला यातला कुठला जुळतोय असं वाटतं?"

सासूबाईंच्या हातातली वाटी हातातच राहिली. हा काहीतरी सापळा आहे अशी त्यांची खात्री झाली. "तुम्ही म्हणाल तो," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. ह्यांना विचारलं तर ह्यांनीही तेच सांगितलं. एकदा चॉकलेटवरून पोळलेला माणूस. मग तुकडे माझ्यासमोर आले. दोन नंबरचा तुकडा टेबलाशेजारी ठेवला की दिसेनासा होत होता, इतका जुळत होता. चार नंबरमध्ये जांभळट झाक होती.

"मला वाटतं, दोन नंबर," मी म्हणाले.

"वाटतं, की आहे?"

इतक्या वर्षांत आपल्याला काही कळत नाही हे इतक्यांदा ऐकलं होतं की माझाही त्यावर विश्वास बसत आला होता. "वाटतं," मी म्हणाले.

"मग चार," मास्तर म्हणाले. माझं मत घेऊन त्याच्या उलट जायचं, एवढी खूण त्यांना पुरेशी होती.

फळीला चार नंबरची छटा लागली. वर वॉर्निशचे तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर एक दिवसाची सुट्टी, मध्ये बारीक घासणं. काम नितळ होतं. बोटं फिरवली तर कुठे खडा लागत नव्हता. फक्त मधाच्या रंगाच्या चार फळ्यांमध्ये ताज्या वांग्याच्या रंगाची एक फळी झोपली होती. मास्तरांनी तिच्यावरून हात फिरवला, मान डोलावली आणि म्हणाले, "एकजीव झालं. आता सांगा, कुठली नवी?"

हे छताकडे बघू लागले, मी माझ्या पदराकडे. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "नाही बाई सांगता येत."

ते गेल्यावर हे म्हणाले, "माणूस वयानं निवळला. आपलं मत विचारलं म्हणजे बघ."

"विचारलं ना," सासूबाई म्हणाल्या. "ऐकलं कुठं?"

मला त्यांचं निवळणं खरं वाटलं नव्हतं. पण मीही बोलले नाही, आणि हे काही कौतुकानं सांगण्यासारखं नाही. सासूबाईंनी टेबलाच्या मापाची चादर आणली आणि तिच्यावर फुलं भरायला घेतली. सहा महिने भरत होत्या. पुढे मास्तर कधी येणार असले की आम्ही ती चादर पळवत असू, कारण टेबलावर चादर घालणाऱ्यांविषयी त्यांचं मत सगळ्यांना ठाऊक होतं: "पांघरूण घालायचं असेल तर खाट घ्यावी." ते उघड्या टेबलाशी बसून चहा पीत. कप वांग्यावर ठेवत.

हळूहळू कळलं की वांगं आमच्या एकट्यांकडे नाही. खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्या दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटाचं एक दार बदललं होतं, त्याचीही तीच गत. डॉक्टरांनी त्यावर दात घासण्याच्या योग्य पद्धतीचं भलंमोठं चित्र चिकटवलं होतं. पलीकडच्या गल्लीतल्या वाचनालयात जांभळ्या पायाची एक खुर्ची होती, ती भिंतीकडे तोंड करून ठेवत. दिवसाला शंभर माणसांचे दात बघणारा डॉक्टर आणि हजार पुस्तकं सांभाळणारा ग्रंथपाल, दोघांची एका म्हाताऱ्याला "रंग चुकलाय" म्हणायची छाती नव्हती. सुशिक्षित माणसं भित्री असली की चित्रं चिकटवतात. आणि आम्ही फुलं भरतो.

पाच महिन्यांपूर्वी मास्तरीणबाई आमच्याकडे आल्या. अबोल बाई. नवऱ्यानं घरातलं सगळं बोलणं वापरून टाकल्यामुळे त्यांच्या वाट्याला फार उरलं नसावं. त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि चादरीकडे बघत म्हणाल्या, "ताई, खाली वांगं आहे ना?"

मला लपवण्याइतका वेळही मिळाला नाही.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे त्यांच्या," त्या म्हणाल्या. "पिवळं झालंय सगळं आतून. मला दिसतंय, त्यांना दिसत नाही. ऑपरेशनचं काढलं की म्हणतात, ज्या डॉक्टरच्या दवाखान्याच्या दाराला नीट पॉलिश नाही, त्याच्या हातात माझा डोळा देऊ? परवा एका नव्या गिऱ्हाइकाचं काम आलं. जिन्याचा कठडा. जुन्यात नवे दांडे बसवलेत, सगळं जोडकाम. तो जांभळा झाला की लोक चित्रं नाही चिकटवणार, सरळ सांगतील. आणि तसं बाहेरच्यानं सांगितलं ना, तर पुन्हा ब्रश उचलायचे नाहीत ते. मला माहितीये."

"तुम्ही सांगून बघितलं?"

"मी पिठलं करपलं तरी त्यांना सांगत नाही. त्यांच्या नाकाला कळतंच."

"मग मी काय सांगणार काकू? मला तर रंगातलं काहीच कळत नाही. त्यांनीच सांगितलंय."

"म्हणून तर तुमच्याकडे आले," त्या म्हणाल्या. "तुम्ही तुकडे ठेवलेत. बाकीच्यांनी फेकले."

खरं होतं. कामाचे तुकडे जपून ठेवायचे, पुढे डागडुजीला लागतात, अशी मास्तरांची सक्त ताकीद असे. आणि ताकीद पाळणारी बहुधा मी एकटीच. कपाटाच्या खणात दोन नंबर आणि चार नंबर, दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते.

मी ते घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या खोपटात गेले. घरामागची पत्र्याची खोली, एकच मोठी खिडकी, तोंडं बांधलेले डबे, आणि तारेवर सुटी सुटी पसरलेली फडकी. तेलाचं फडकं बोळा करून टाकलं तर आतल्या आत तापून पेटतं, म्हणून मास्तर ती अशी वाळत घालत. कोपऱ्यात कठड्याचे नवे दांडे रचले होते, अजून कोरे. मला जरा हायसं वाटलं.

"काय बिघडवलंत आता?" मास्तरांनी स्वागत केलं.

मी दोन्ही तुकडे पुढे केले, पाठी खाली करून. "टेबलाला एक ओरखडा गेलाय. यातला आमच्या टेबलाचा कुठला, तेवढं सांगा."

त्यांनी तुकडे घेतले. खिडकीशी गेले. जवळ नेले, लांब नेले. मग अंगठा फिरवला. मग, माझ्याकडे पाठ करून, वास घेतला. एकाचा, मग दुसऱ्याचा. कॉपी करणाऱ्या पोरासारखा चोरून. मला हसू यायला हवं होतं.

"दोन्ही एकच आहेत," ते म्हणाले. "एकाच डब्यातले. दोन-दोन तुकडे कशाला आणलेत?"

"पाठी बघा."

त्यांनी एक तुकडा उलटा केला आणि नाकाला टेकेल इतका जवळ नेला. पेन्सिलीचं स्वतःचं अक्षर. दोन. मग दुसरा. चार. खाली दोन्हींची वेगवेगळी मापं, त्यांच्याच हातची.

"तुम्ही पाठी बदलल्यात."

"अखंड लाकूड आहे मास्तर. पाठ कशी बदलेन?"

त्यांनी दोन्ही तुकड्यांच्या कडांवरून नख फिरवून पाहिलं. बाहेर मास्तरीणबाई भांडी घासत होत्या, तो आवाज थांबला होता.

"टेबलाला कुठला लागलाय?"

"चार."

"आणि कुठला हवा होता?"

"दोन."

"तेव्हा तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"नाही. मी दोनच म्हणाले होते. तुम्ही विचारलंत, वाटतं की आहे."

मास्तरांनी दोन्ही तुकडे खिडकीच्या कठड्यावर ठेवले, अगदी कडेला कड जुळवून, जणू ते जुळतच होते. "जा आता," ते म्हणाले. "तुमच्यामुळे उजेड अडतोय." मी खिडकीपासून चांगली चार हात लांब होते.

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "झालं. आता जमदग्नी आपल्या दारात पाऊल टाकत नाही." आणि हे म्हणाले, "तुला काय गरज होती? चादर चांगली दिसत होती की."

दोन महिने काहीच कळलं नाही. मग एकदा भाजीच्या दुकानात मास्तरीणबाई भेटल्या. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या टेबलाच्या कडेला वॉर्निशचे ओघळ आले होते, ते मास्तरांनी पट्टी काढल्या काढल्या त्यांना दाखवून दिले होते. "आता माझ्या साड्यांचे रंग बघून तोंड वाकडं करतात," त्या म्हणाल्या. पण चेहरा प्रसन्न होता. "कठडा थांबवून ठेवलाय. आधी जुनं निस्तरतो म्हणाले."

गेल्या महिन्यातल्या एका सकाळी घंटा वाजली. काळा चष्मा, खांद्याला पिशवी. चादर पळवायला कुणाला वेळच मिळाला नाही. मास्तर सरळ आत आले, त्यांनी चादरीचं टोक धरलं आणि एका झटक्यात ओढलं. चष्मा काढला.

टेबलाभोवती एक पूर्ण फेरी मारली.

"हे," मास्तर अखेर म्हणाले, "कुठल्या गाढवानं केलंय?"

ते वाकले, फळीवर बोट ठेवलं, मग शेजारच्या फळीवर ठेवलं. पुन्हा पहिल्या. त्यांचा कान लाल झाला. मला वाटलं आता ते पिशवी उचलून जातील. पण मास्तर सरळ झाले आणि त्यांनी आम्हा तिघांकडे एकेक करून पाहिलं, नव्या, स्वच्छ डोळ्यांनी, आणि आम्ही त्यांना काही फार बरे दिसलो असू असं वाटत नाही.

"दोन वर्षं यावर जेवलात?"

"चादर होती," हे म्हणाले.

"घास बरा उतरला घशाखाली. मी आंधळा होतो. तुम्हाला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं," हे म्हणाले, "पण तुम्ही रागावता."

"रागावतो. मग? मी रागावलो तर तुमचे हातपाय गळून पडतात? माझ्या रागाची एवढी पर्वा, आणि माझ्या कामाची नाही?" मग माझ्याकडे वळून, "आणि वहिनी, तुम्ही. दोन आहे तर दोन आहे म्हणायचं. वाटतं म्हणजे काय? वाटण डोशाबरोबर खातात."

"डोशाबरोबर चटणी खातात," सासूबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी मास्तरांची चूक काढली होती. मास्तरांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. असं बोलत जा."

त्यांनी पिशवीतून दोन नंबरचा तुकडा काढून माझ्या हातात दिला, पॉलिश पेपर काढला, पंखा बंद करायला लावला आणि वांगं सोलायला घेतलं. दुपारपर्यंत फळी कोरी, पांढरी पडली. मग छटा लावायची वेळ आली तशी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. लावलेली छटा लगेच पुसून घ्यावी लागते, नाहीतर डाग धरतो, आणि त्यासाठी सुती कापड लागतं. त्यांनी जमिनीवर पडलेली चादर उचलली, बोटांत चोळून पाहिली.

"सुती आहे. चालेल," असं म्हणून मधोमध फाडली.

"सहा महिने भरत होते मी ती," सासूबाई म्हणाल्या.

"टाका चांगला आहे," मास्तर म्हणाले. "कामाच्या ठिकाणी घालायचा होता." आणि फुलांनी त्यांनी फळी रेषेच्या दिशेनं पुसून काढली.

तिसरा हात सुकल्यावर त्यांनी आम्हाला एकेकट्याला बोलावलं, सकाळी, दुपारी, दिवा लावल्यावर, आणि प्रत्येक वेळी विचारलं, कुठली नवी. ह्यांनी चुकीची दाखवली. सासूबाईंनीही. मी म्हणाले, "मधली, पण माहीत आहे म्हणून. दिसत नाही." मास्तर हुं म्हणाले. त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी मी कुणाला मिळालेली ऐकलेली नाही.

दुसऱ्या दिवशी खालून डॉक्टरांचा फोन आला. आवाज दबका होता. मास्तर दवाखान्यात घुसले होते, दात घासण्याचं चित्र त्यांनी फाडून काढलं होतं आणि आता ते खुर्चीतल्या पेशंटला विचारत होते की इतके महिने इथे येतोयस, तुला हे दार दिसलं नाही का.

"मग काय म्हणाला पेशंट?" मी विचारलं.

"काय म्हणणार," डॉक्टर म्हणाले. "त्याच्या तोंडात माझा आरसा आहे. तुम्ही जरा खाली येता का?"

मी सांगितलं की मला रंगातलं काही कळत नाही, आणि फोन ठेवला.